डिचोलीच्या प्रभावतीचं गाऱ्हाणं

चोपडे, ता. पेडणे
३ फेब्रुवारी २०२५

गावाबाहेर राहणाऱ्या सर्व घरांस आणि बाहेर दिलेल्या गावच्या लेकींस नमस्कार.

यंदा संवसार पाडवा रविवार दि. ३० मार्च रोजी येतो. नेहमीप्रमाणे सकाळी पंचांग वाचून झालं की देवासमोर नव्या वर्षाचं गाऱ्हाणं घालण्यात येईल. ज्यांना येणं जमत नाही त्यांनी नव्या वर्षात आपल्याला काय हवं ते कागदावर लिहून वेळेत धाडावं. ते मी देवाला मोठ्याने सांगेन आणि जमलेला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणेल. एका माणसाला एकच मागणं. फोनवर सांगू नये. माझ्या ध्यानात राहत नाही आणि मग एकाची नोकरी दुसऱ्याच्या नावावर जाते. मागे एकदा तसं झालं होतं, आणि ज्याला मिळाली तो परत द्यायला तयार नव्हता.

आपला,
गोकुळदास

ता. क. प्रभावती, वरचा मजकूर सत्तेचाळीस घरांना जातो. खालचा तुला एकटीला. गेल्या वर्षी तुझा कागद सगळ्यांत शेवटी आला, मी पाडव्याच्या आदल्या दिवशीपर्यंत पोस्टमनची वाट बघत सोप्यावर बसलो होतो. यंदा तसं करू नको. तुमच्या जुन्या घराच्या परसातली बिंबलं खोडापासून लगडली आहेत. घर घेतलेल्या दिल्लीवाल्यांना ती खायची असतात हेच ठाऊक नाही. मी कुंपणावरून हात घालून आणतो.


डिचोली
१० फेब्रुवारी २०२५

श्री. गोकुळदास यांस नमस्कार.

कागद मिळाला. चोर तो चोर आणि वर मलाच चोरीची बातमी कळवतोस! दादाने घर विकलं तेव्हा झाड तेवढं वेगळं ठेव म्हणून मी सांगितलं होतं, पण झाड कसं वेगळं ठेवणार.

माझं मागणं लिहून घे. साईशला पुण्यात बढती मिळावी आणि सून सेजलची पाठदुखी थांबावी. दोन झाली, पण नवरा-बायको देव एकच धरत असेल.

मी बरी आहे. हे जाऊन पाच वर्षं झाली, आता दोन वाट्या तांदूळ टाकायची हाताची सवय गेली. सेजलने जानेवारीत मला एक वही पाठवली. जाड, सोनेरी कडांची. वर्षभरात काय काय करायचं ते तिच्यात लिहायचं, आणि पहिल्या पानावर एकच शब्द. तो वर्षाचा शब्द म्हणे, त्याला धरून वर्षभर वागायचं. तिच्या ऑफिसात सगळ्यांनी निवडले. तिचा ‘समतोल’, साईशचा ‘झेप’. मी जानेवारीभर पेन घेऊन बसले, काही सुचलं नाही. एकदा ‘मीठ’ लिहिलं, संपलं होतं म्हणून. आपल्याला पाडव्याला नवं वर्ष परत लागतं हे बरं आहे, नाही तर माझं यंदाचं बिनशब्दाचंच गेलं असतं.

प्रभावती


चोपडे
१७ फेब्रुवारी २०२५

प्रभावती,

तुझा कागद परत पाठवतो. सोबत जोडला आहे. हे मागणं मी घालणार नाही.

रागावू नको, आधी ऐक. मी गाऱ्हाणं घालायला लागलो त्याला बावीस वर्षं झाली. सगळ्यांचे कागद मी पत्र्याच्या डब्यात ठेवतो. काल बसून तुझे तेवढे वेगळे काढले. पहिल्या वर्षी यजमानांचं पित्त. मग साईशची दहावी. मग त्याची कॉलेजातली जागा. मग सासूबाईंना हाल न होता मरण. पाच वर्षांमागे ‘हे इस्पितळातून घरी यावेत’. ते आले नाहीत, गो. त्याच्या पुढल्या वर्षी तुझा कागद कोरा होता, नुसतं नाव. मी नुसतं तुझं नाव घेतलं आणि लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. त्या दिवशी माझा घसा बसला होता असं मी सगळ्यांना सांगितलं.

बावीस कागदांत तू स्वतःसाठी काही म्हणजे काही मागितलं नाहीस. देवाला वाटेल ही बाई आहे की टपालपेटी! साईश आता बत्तीस वर्षांचा बाप्या झाला, त्याची बढती त्याला मागू दे. तुला काय हवं ते लिही. तुला. एकच.

देवकी असताना ती म्हणायची, तुम्ही गावासाठी मागता, घरासाठी कधी मागणार. ती गेली त्याला आठ वर्षं होतील. बरी बाई होती, माझ्यासारख्याबरोबर तिने नीट संसार केला. आता घरात भाऊ, भावजय सरस्वती आणि मी. मी सोप्यावर, कारण आतल्या टीव्हीचा आवाज मला सोसत नाही.

गोकुळदास


डिचोली
२४ फेब्रुवारी २०२५

गोकुळदास,

एवढा मोठा शिष्ट कधीपासून झालास? कागद परत काय पाठवतोस! मी तो चुलीत घालणार होते, पण चूल कुठे आहे, गॅस आहे.

बरं, स्वतःसाठी मागते. सेजलच्या वहीत आधीच छापलेलं असतं काय काय करावं ते. रोज आठ ग्लास पाणी. दोन दिवस प्याले, तिसऱ्या दिवशी बुधवारचा बाजार होता, अर्ध्या बाजारातून मिरची न घेता धावत घरी आले. रोज चालणं. तळ्याच्या वाटेला लागले आणि येताना बसने आले, कंडक्टर ओळखीचा निघाला, म्हणाला मावशी उद्यापासून जातानाही बसने जा. मग काहीतरी नवं शिकायचं. शेजारची गौरवी स्कूटर शिकवते म्हणाली. बसले, पाय जमिनीला लागेनात, उतरले. झालं शिकून.

यातलं देवाला काय सांगणार तू? प्रभावतीला पाणी पाज?

खरं सांगायचं तर ज्याचा निकाल लावायचा आहे ते वहीत छापलेलं नाही. साईश मला पुण्याला बोलावतो. कायमचं. इथलं भाड्याचं घर एप्रिलअखेर सोडायचं म्हणतो, घरमालकाला अजून कळवलेलं नाही, माझ्या ‘हो’साठी अडलंय. पाडव्याला तो येणार, तेव्हा उत्तर हवं. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली. मला वेगळी खोली ठेवली आहे, जनेलातून टेकडी दिसते म्हणे. नाही म्हणायला काही कारण नाही. डिचोलीत तरी माझं आता कोण आहे? सासर होतं, ती माणसं गेली, नुसता पत्ता उरलाय.

तेव्हा हेच मागणं लिही. प्रभावतीला पुण्यात करमू दे. बघ, स्वतःसाठी मागितलं की नाही.

प्रभावती


चोपडे
३ मार्च २०२५

श्रीमती प्रभावती यांस,

आपला कागद पावला. आपण घेत असलेला निर्णय सर्व दृष्टींनी योग्य आहे. मुलाजवळ असणं या वयात बरं. आपलं मागणं पाडव्याला घालण्यात येईल. पुढील वर्षापासून आपला पुण्याचा पत्ता कळवावा म्हणजे कागद तिकडे धाडता येईल.

पुण्याला नदी आहे असं ऐकलं. ती भरते-ओसरते का?

आपला,
गोकुळदास


डिचोली
८ मार्च २०२५

गोकुळदास,

नाही. पुण्याची नदी भरत नाही आणि ओसरत नाही. मी दोनदा बघितली. एकाच दिशेने जाते.

आणि ‘आपण’ काय, ‘श्रीमती’ काय! माझ्या नाकाला शेंबूड होता तेव्हापासून ‘गो’ म्हणत आलास आणि आता मी ‘आपण’ झाले? पत्र वाचलं आणि इतकी रडले की समोरच्या बाईने येऊन विचारलं, कोण गेलं. कोणी नाही म्हटलं, चोपड्याहून पत्र आलंय.

मला काय हवं ते विचारतोस ना? मग ऐक. मला पुण्याला जायचं नाही. मला डिचोलीतही राहायचं नाही. मला चोपड्याला यायचं आहे. रोज सकाळी डोळा उघडतो आणि अंथरुणातच मी नदीवर असते. ओहोटीचा चिखल, त्यात खुबे काढणाऱ्या बायका, पलीकडे शिवोलीचे माड. पूल झाला त्याला वीस वर्षं होऊन गेली, पण माझ्या मनात अजून फेरीबोटच येते, आणि तिच्यावर खाकी शर्टातला तू. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने हे लिहावं का? नसेल लिहावं. लिहिलं.

पण मी कुठल्या तोंडाने येऊ? घर विकलेलं. आणि तुला माहीत आहे मी काय म्हणते ते. छत्तीस वर्षांपूर्वी तू आमच्या सोप्यावर येऊन बाबांना सांगितलंस, आपल्या दोघांच्या लग्नाचा कौल घ्यायला देवाला पाकळ्या लावल्या, उजवी पडली नाही, डावी पडली. देवाचं मन नाही. बाबांनी हात जोडले, आईने दिवा लावला, मी आत तांदूळ निवडत होते ते निवडत राहिले. आठ महिन्यांनी डिचोलीला दिली. वरात फेरीने पलीकडे गेली आणि दोर तूच सोडलास. मी मागे वळून बघितलं. तू दोर गुंडाळत होतास, वर बघितलं नाहीस.

ज्या गावच्या देवाला मी नको, त्या गावात म्हातारपणी येऊन कशी राहू? म्हणून तुला काम सांगते. देवाला परत पाकळ्या लाव, माझ्या नावाने. प्रभावतीने चोपड्याला यावं का, एवढंच विचार. कोणाच्या घरात, कोणाबरोबर, ते विचारू नको. उजवी पडली तर येईन, मांद्र्याला मावसबहीण आहे, तिच्याकडे राहून खोली बघेन. डावी पडली तर गप पुण्याला जाईन आणि पुन्हा नाव काढणार नाही. साईशला सांगायचं आहे, तेव्हा पाडव्याआधी कळव.

प्रभा


चोपडे
२१ मार्च २०२५

प्रभा,

तेरा दिवस झाले. शिगमा होता, रोमटाची मिरवणूक निघाली, पोस्ट बंद होतं असं सगळं लिहिता येईल, पण ती कारणं खोटी. मी रोज सकाळी अंघोळ करून फुलं घेऊन देवळात गेलो आणि रोज परत आलो. अनंत भट विचारतो, गोकुळा, पाकळ्या लावायच्या आहेत तर लाव की. माझा हात वर होत नाही.

मी तुझ्या नावाने देवाला काही विचारू शकत नाही, कारण पहिल्यांदाही विचारलं नव्हतं.

लिहिलं. आता पुढचंही लिहितो. त्या दिवशी देवाला पाकळ्या लावल्याच नाहीत. माझे बाबा वारून सहा महिने झाले होते, मागे दोन बहिणी लग्नाच्या, घरात मी एकटा मिळवता, तोही फेरीवर नवा. आई म्हणाली, आधी बहिणींचं कर, तीन वर्षं तरी थांब. मी म्हटलं, प्रभाला थांब म्हणून सांगतो. आई म्हणाली, तिच्या बापाला काय सांगशील? मुलीला तीन वर्षं घरात ठेव म्हणून? तो चार प्रश्न विचारील, वाद होईल, गावात बोभाटा. त्यापेक्षा देवाचं मन नाही म्हण. देवाचं नाव घेतलं की कोणी उलट विचारत नाही.

मी देवळापर्यंत गेलो. आत गेलो नाही. बाहेर वडाखाली अर्धा तास बसलो, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं आत वेळ लागला. मग तुमच्या सोप्यावर आलो आणि बोललो. तुझ्या बाबांनी मला चहा दिला आणि पाठीवर हात ठेवला, म्हणाले वाईट वाटून घेऊ नको, देवापुढे आपण कोण. तो चहा मी प्यालो.

मी भ्यालो, प्रभा. आईला नाही, तुझ्या बाबांनाही नाही. तुला भ्यालो. ‘थांब’ म्हटलं आणि तू ‘नाही थांबत’ म्हणालीस तर, याला भ्यालो. तुझ्या वरातीच्या दिवशी फेरीचा दोर मी अर्धा तास गुंडाळत होतो. वर बघायचं नव्हतं म्हणून गुंडाळत होतो.

मग काका गेले आणि गाऱ्हाण्याचा मान आमच्या घराण्याचा म्हणून माझ्याकडे आला. ज्या तोंडाने देवाच्या नावावर खोटं बोललो त्याच तोंडाने बावीस वर्षं त्याच्याशी बोलतो. तो काही म्हणाला नाही.

बहिणी चांगल्या घरी पडल्या. हे सांगून काही कमी होत नाही, मला माहीत आहे.

गोकुळदास


डिचोली
२५ मार्च २०२५

गोकुळदास,

नमस्कार नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी तांबडी भाजी निवडत होते. भाजी तशीच सुकली. काल गौरवी दोनदा हाक मारून गेली, मी दार उघडलं नाही.

मेल्या, तुला काही कळतं का तू काय केलंस? छत्तीस वर्षं मी देवाशी बोलले नाही. माहेरी आले की त्या देवळासमोरून तोंड फिरवून गेले. साईश झाला तेव्हा आई म्हणाली, पोराला देवाच्या पायावर घाल. मी म्हटलं, ज्याने मला नाही म्हटलं त्याच्या पायावर माझं पोर घालणार नाही. आई मरेपर्यंत ते तिच्या जिवाला लागून राहिलं. दर वर्षी तुला कागद धाडला तो काय देवासाठी धाडला? तू वाचशील म्हणून धाडला. एकदा तरी माझं अक्षर तुझ्या हातात जाईल म्हणून. यजमानांचं पित्त लिहिताना मला लाज वाटायची, पण लिहायला दुसरं काही सोयीचं नव्हतं.

आणि त्या देवाने काय केलं होतं? काहीच नाही. बिचारा आपला बसून होता तिथे, आणि शिव्या खात होता माझ्या.

‘थांब’ म्हणाला असतास तर थांबले असते. तीन वर्षं काय, तेरा थांबले असते. ‘नको’ म्हणाला असतास तर रडले असते, तुझ्या नावाने बोटं मोडली असती, आणि उठून कामाला लागले असते. माणसाने नाही म्हटलं तर त्याच्याशी भांडता येतं. देवाने म्हटलं तर कुणाशी भांडायचं? मी भांडलेच नाही रे कधी. नवऱ्याशीही नाही. मला वाटायचं, आपलं सगळं वरूनच ठरून येतं, आपण नुसतं तांदूळ निवडायचे.

आज सेजलच्या वहीत वर्षाचा शब्द लिहिला. ‘तोंडावर’. सेजलला फोनवर वाचून दाखवला तर ती म्हणाली, आई, हा शब्द असा चालतो का? म्हटलं, माझ्या वहीत चालतो.

आणि आता माझं गाऱ्हाणं. जसंच्या तसं घालायचं, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही:

‘चोपड्याच्या लेकीला, डिचोलीच्या प्रभावतीला, या वर्षापासून जो कोणी नाही म्हणेल त्याने ते स्वतःच्या तोंडाने, तिच्या तोंडावर म्हणावं. देवाच्या आड लपून म्हणू नये.’

एवढंच. तू काय केलंस ते गावाला सांग असं मी म्हणत नाही. ते तुझं तू बघ.

प्रभावती


चोपडे
३१ मार्च २०२५

प्रभा,

काल गाऱ्हाणं झालं.

सत्तेचाळीस घरांतून एकतीस कागद आले होते. कोणाला दुबई, कोणाला मूल, मोपाला विमानतळावर लागलेल्या श्रीनाथला दिवसाची पाळी. एकेक घालत गेलो, लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणत गेले. तुझा कागद मी शेवटी ठेवला होता. ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात केली आणि तू लिहिलंस तसंच्या तसं म्हटलं. पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं, पण बायकांच्या बाजूने ‘व्हय म्हाराजा’ असं उठलं की वरची कबुतरं उडाली. आमची सरस्वती सगळ्यांत मोठ्याने ओरडली. तिला कोणी आड लपून काय म्हटलं होतं ते मला कधी विचारायला सुचलं नाही.

तिथे थांबायचं होतं. नैवेद्याची पानं मांडलेली होती. पण मी हात खाली घेतले नाहीत. म्हटलं, ‘बा देवा म्हाराजा, आड लपलेला तो हांव. छत्तीस वर्सां जालीं. तुका पाकळी लायली ना आनी तुजें नांव घेतलें.’ आड लपलेला तो मीच, हे घरात बोलतो तसंच कोंकणीत तोंडातून आलं. पुढे माफी मागायची होती, ती राहिली. कोणी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं नाही. म्हणणार तरी काय! माझा भाऊ माझ्याकडे बघत होता, आईची आठवण होऊन की काय, त्याचे डोळे भरले होते. मग अनंत भट हळूच म्हणाला, ‘गोकुळा, आतां पुरो. नैवेद्य थंड जाता.’ आणि घंटा वाजवली.

बाहेर आल्यावर दोघे-तिघे म्हणाले, पुढल्या वर्षी गाऱ्हाणं दुसऱ्या कोणाकडे द्यावं. बरोबर आहे. मी मान हलवली. वाड्यावरचा महादेव नावाचा पोरगा चांगला खणखणीत बोलतो, त्याला शिकवीन.

तुझ्या मागण्यात आहे तसं आता मला वागायला हवं. तू पाकळ्या लावायला सांगितल्यास, त्या मी लावल्या नाहीत, लावणार नाही. चोपड्याला यायचं की नाही हे देवाला विचारायचं कारण नाही. मी सांगतो. ये. मांद्र्याला मावसबहिणीकडे राहा, नाही तर आमच्या घराची पडवीकडची खोली मोकळी आहे, सरस्वतीने कालच झाडून काढली, मी सांगितलं नव्हतं. आणि छत्तीस वर्षांमागे तुला विचारायचं होतं तेही विचारतो. माझ्याशी लग्न करशील का? मी बासष्ट वर्षांचा आहे. दात बरेचसे आहेत. तू नाही म्हणालीस तर भांडेन, पण ऐकेन.

तुझा,
गोकुळदास


डिचोली
५ एप्रिल २०२५

गोकुळा,

पाडव्याला साईश आला होता. श्रीखंड वाढलं, तो जेवला, हात धुऊन आला, तेव्हा समोर बसून सांगितलं. बाबा रे, मी पुण्याला येत नाही. तुझ्यात काही कमी आहे म्हणून नाही, मला यायचं नाही म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तोंडावर नाही म्हटलं. त्याला वाईट वाटलं. म्हणाला, आई, मग कुठे राहणार? मी म्हटलं, ते अजून कोणी मला नीट विचारलेलं नाही. घरमालकाला मात्र एप्रिलअखेर घर सोडते म्हणून कळवलं.

तुझं पत्र सोमवारचं, मला गुरुवारी मिळालं. तू देवळात काय बोललास ते वाचून माझा राग गेला असं समजू नको. अर्धा गेला. उरलेला मला लागेल, सहजासहजी नाही सोडणार.

आणि हे काय, लग्नाचं तू कागदावर विचारतोस? माझं गाऱ्हाणं स्वतःच्या तोंडाने घातलंस आणि दुसऱ्याच दिवशी विसरलास! कागदावरच्या प्रश्नाला मी कागदावर उत्तर देणार नाही. ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही.

पुढच्या शनिवारी येते. इथून सातची बस, म्हापशाला बदलून चोपड्याला दहापर्यंत पोचेन. मांद्र्याला नंतर जाईन. तुझ्या घरीही नंतर. आधी देवळात जाणार आहे. त्याच्यावर छत्तीस वर्षं उगीच राग धरला, एक फूल वाहिलं नाही, पोराला त्याच्या पायावर घातलं नाही, वाटेल ते बोलले त्याला. त्याची माफी मागायची आहे. आईने सांगितलेलं राहिलं तेही सांगायचं आहे. हे सगळं तुझ्यासमोर होणार नाही. मला रडू येईल आणि तू मध्ये येऊन पाणी आणून देशील, ते नको.

तू बाहेर थांब. आमचं दोघांचं बोलणं बरंच लांबेल, ऊनही चढेल. मी बाहेर आले की समोर उभा राहून विचार. पण तोवर कंटाळून घरी जाऊ नको.

प्रभा